एक किलो हायड्रोजन आणि चौदा पेरूची झाडं

साताऱ्याहून राहात्याला एसटीने जायचं तर आठ-नऊ तास धरावेत. मला दोन दिवस लागले, आणि त्यातला एक दिवस मी मुद्दाम वाटेत घालवला, कारण पोचायचीच भीती वाटत होती. प्रवासाची हौस असलेल्यांनी लिहायचं असतं, हे मला ठाऊक आहे. मला ती हौस नाही. पण जे पाहिलं ते फार थोड्यांनी पाहिलं असेल आणि जे चुकलं ते आणखी कुणाचं चुकू नये, म्हणून लिहितो.

राहात्याला माझे साडू भाऊसाहेब असतात. माझी बायको सुनंदा हिच्या धाकट्या बहिणीचे, मंदाचे, ते यजमान. नगर-मनमाड रस्त्याला लागून त्यांची दोन एकर पेरूची बाग आहे. पावसाळ्यानंतर त्यांच्या डोक्यात आलं की बाग काढायची आणि तिथे हायड्रोजन तयार करून गाड्यांत भरायचा पंप टाकायचा. पाण्यातून वीज सोडली की पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे होतात. विहीर आपली, रस्ता आपला, शिर्डीला जाणाऱ्या बसगाड्या दारावरून. पुण्याची एक कंपनी यंत्र द्यायला तयार होती. भाऊसाहेबांनी सगळा हिशेब एका कागदावर मांडला, फोटो काढून मला पाठवला आणि फोन केला. "साडूभाऊ, तुमी आकड्यातलं मानूस. नजर टाका. तुमी व्हय म्हनलात तरच पुढं."

मी दूध डेअरीत पंचवीस वर्षं कॉस्टिंगचं काम करतो. लिटरमागे पैशाचाही फरक मला झोपू देत नाही. कागद तीनदा तपासला आणि फोनवर सांगितलं, "बेरीज बरोबर आहे. जमतंय."

त्यानंतर अडीच महिन्यांनी, मार्गशीर्षातल्या एका रविवारी, आमच्या घरचं वीजबिल आलं. सवयीने मी ते तपासायला बसलो. इतके युनिट, गुणिले इतका दर. आणि मी मोबाईलवर भाऊसाहेबांनी पाठवलेला फोटो उघडला. भाऊसाहेबांच्या कागदावर विजेच्या ओळीत युनिट नव्हतेच. 'सत्तर एचपी, वर्षाचे इतके' एवढंच होतं. विहिरीवरच्या मोटारीचं बिल असंच येतं, मोटारीच्या ताकदीवर. मग ती चार तास चालवा की आठ तास. हल्ली लहान मोटारींना तर तेही माफ आहे. माझ्या वडिलांच्या विहिरीवरही हाच रिवाज होता, म्हणून माझ्या नजरेला ती ओळ खटकली नाही. परका कुणी असता तर त्याने पहिल्या मिनिटाला विचारलं असतं.

त्याच संध्याकाळी मंदाचा फोन आला. "दाजी, गुरुवारी नारळ फोडायचाय. मान तुमचा. हे म्हनतात, हिशेब त्यांचा तर नारळबी त्यांचाच."

सांगायला हवं होतं. मी विचारलं, "थंडी कशी आहे तिकडे?"

मंगळवार, काष्टीच्या पुढे

मनात एक पळवाट होती: कदाचित मीच चुकत असेन. या यंत्राला वीज कमीच लागत असेल. आमच्या डेअरीच्या कॉम्प्रेसरची दुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रींनी सांगितलं होतं की काष्टीच्या पुढे एका खाजगी आवारात असं छोटं यंत्र चालतं, दोन बसगाड्यांत गॅस भरतात. त्यांनी तिथल्या तंत्रज्ञ बाईंना फोन करून ठेवला होता.

दौंड सोडून भीमा ओलांडली की माती बदलते. आमच्याकडे मार्गशीर्षात डोंगर अजून हिरवट असतात. इथे कॅनॉलचं पाणी जिथवर जातं तिथवर ऊस, आणि एका बांधापलीकडे करडं माळरान. मधलं काही नाही. काष्टीच्या फाट्यावर हॉटेलात बाजरीची भाकरी आणि हुलग्याचे शेंगोळे मिळाले. आमच्याकडे पाहुण्याला कुणी हुलगा वाढणार नाही. इथे मालकाने स्वतः येऊन विचारलं, "अजून वाढू का? लई चांगलं झालंय आज." खरोखर चांगलं होतं. मला दोनच घास गेले.

आवाराच्या फाटकावर रखवालदाराने मोबाईल, किल्ल्या आणि घड्याळ काढून घेतलं. आतून तिशीतल्या एक बाई आल्या, डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळलेली, त्यावर हेल्मेट. रेश्मा शेख. मूळच्या शेवगावच्या, डिप्लोमा नगरला केलेला. माझ्याकडे बघून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "काका, शर्ट टेरिकॉटचा हाय का?"

"हो."

"मग हा सुती कोट घाला वरून. आनि या तांब्याच्या दांड्याला हात लावा. अंगात वीज असती मानसाच्या. कपडा घासला की ठिनगी."

मी दांड्याला दोन्ही हात लावले, आणि उगाच जास्त वेळ लावून ठेवले.

"आमच्या डेअरीत अमोनिया असतो," मी धीर धरून म्हणालो. "त्याचीही भीती असते."

"अमोनिया गरीब हो. वास मारून सांगतो तरी, पळा म्हनून. ह्याला वास न्हाई, रंग न्हाई. पेटला तरी उन्हात दिसत न्हाई."

यंत्र एका पत्र्याच्या खोलीत होतं, मालवाहू टेम्पोएवढं. आवाज फ्रीजइतका. मला वाटलं होतं पाणी उकळत असेल, काही तरी घुमत असेल. पण तिथे काहीच घडताना दिसत नव्हतं, आणि त्यानेच अंगावर काटा आला. खोलीतून एक नळी बाहेर कॉम्प्रेसरकडे आणि तिथून गाडीत भरायच्या जागेकडे गेली होती. दाराशी कोपऱ्यात एक शिंदीची केरसुणी उभी होती. जागा इतकी झाडलेली होती की मी गमतीने म्हणालो, "केरसुणी चांगली वापरता."

"ती झाडायची न्हाई," रेश्माताई म्हणाल्या. मी पुढे विचारणार तेवढ्यात भिंतीवरचा भोंगा वाजायला लागला.

त्यांनी लाल बटण दाबलं. फ्रीजसारखा आवाज बंद झाला. "काका, त्या पिवळ्या पट्ट्याच्या मागं. पळू नका. चाला."

मी मागे गेलो. बारा पावलं होती, मी मोजली. रेश्माताईंनी केरसुणी उचलली, दोन्ही हातांनी पुढे धरली आणि कॉम्प्रेसरकडे अगदी हळू चालू लागल्या. एक पाऊल टाकायचं, केरसुणी वरपासून खालपर्यंत फिरवायची, मग दुसरं पाऊल. नवी नवरी पहिल्यांदा उंबरा ओलांडते तशा सावकाश. समोर फक्त ऊन होतं. मला नळी दिसत होती, तिचा सांधा दिसत होता, सांध्यापलीकडची भिंत दिसत होती. केरसुणी सांध्याजवळ गेली आणि तिचं टोक भडकन पेटलं. हवेत, कशालाही न लागता.

मी ओरडलो असेन. नंतर रखवालदार तसं म्हणाला. मला आठवत नाही.

रेश्माताईंनी केरसुणी मागे घेतली, वाळूच्या बादलीत खुपसली आणि बाजूने वळसा घालून एक चावी फिरवली. नळीतला उरलेला गॅस उंच धुराड्यातून निघून जाईपर्यंत त्या तिथेच उभ्या राहिल्या. मग नवी केरसुणी आणून सांध्यापाशी पुन्हा फिरवली. या वेळी ती पेटली नाही.

"पेन्सिलीएवढी ज्योत हुती," त्या परत येऊन म्हणाल्या. "भोंग्याला कळतंच. पन भोंगा कधी बिघडतो, केरसुनी बिघडत न्हाई. माझी सासू म्हनती, लक्ष्मीला आगीत घालती व्हय गं तू? मी म्हनते, अम्मी, लक्ष्मी शेजारनीची, जीव माझा."

चहा आला.   मी हिशेब उतरवून आणलेला कागद काढला. आता यंत्राची भीती मागे पडली होती आणि जुनी पुढे आली होती.

"एक किलो गॅसला वीज किती लागते?"

"पन्नास ते पंचावन्न युनिट. पंचावन्नच धरा. नवं यंत्र कमी खातं, जुनं झालं की जास्त."

"आणि पाणी?"

"पानी किरकोळ. नऊ लिटर नुसतं गॅसला, पन इथलं पानी जड, गाळून घ्यायला दुप्पट लागतं. पान्यानं कुनी बुडत न्हाई ह्यात. बुडतात ते विजेनं."

"दर?"

"आमाला आठ रुपयाला पडती."

पंचावन्न आठे चारशे चाळीस. भाऊसाहेबांच्या कागदावर हिशेब केला तर वीज किलोला चाळीस रुपयांच्या आत येत होती. चारशे रुपये कुठे तरी हवेत होते, आणि मी 'बरोबर' म्हटलं होतं.

"विकता किती रुपयाला?" मी विचारलं.

त्या हसल्या. "विकत न्हाई काका. हे प्रयोगाचं हाय, वरून अनुदान येतं. विकायचं तर गिऱ्हाईक डिझेलशी ताडून बघनार. एका किलोत बस अकरा किलोमीटर जाती. तेवढ्याला डिझेल अडीच लिटर. तुमीच करा."

अडीच लिटर म्हणजे सव्वादोनशे रुपये. चारशे चाळीसची नुसती वीज, अजून यंत्राचा खर्च नाही, माणूस नाही, कॉम्प्रेसर नाही.

शेवटची पळवाट म्हणून विचारलं, "सोलर लावला तर?"

"वीज स्वस्त पडल की. पन ऊन पाच-सहा तास. यंत्राची किंमत तेवढीच आनि माल चौथाई. तुमच्याकडं ऊसतोडीचं हार्वेस्टर दिवसाला पाच तास चालवून परवडतं का कुनाला?"

निघताना मी त्यांना सगळं सांगून टाकलं. परक्या माणसाला किती सहज सांगता येतं! त्या म्हणाल्या, "मग आत्ता फोन लावा."

मोबाईल रखवालदाराकडून परत घेतला. लावला नाही. नगरच्या बसमध्ये बसलो. पाटीवर अहिल्यानगर लिहिलं होतं, कंडक्टर "नगर, नगर" ओरडत होता. मी लॉजवर उतरलो आणि हिशेब पुन्हा चार वेळा केला. दर वेळी तोच आला.

बुधवार, राहाता

ठरवलं होतं की पोचल्या पोचल्या सांगायचं.

दुपारी चारला पोचलो. भाऊसाहेब फाट्यावर मोटारसायकल घेऊन उभे. "या पाव्हणं! लई वाळलात. सुनंदाताई जेवायला घालत्यात का न्हाई?" गाडीवर मागे बसून सांगणं बरं नव्हे. म्हटलं, चहा झाल्यावर.

चहा झाल्यावर त्यांनी बाग दाखवायला नेलं. बारा वर्षांची झाडं, फळांनी वाकलेली. रस्त्यावरून जाताना वास आला होताच, आत शिरल्यावर तो कपड्यांना चिकटला. भाऊसाहेबांनी एक पेरू तोडून मुठीने फोडला, अर्धा मला दिला. आमच्याकडे पेरू चिरून, मीठ लावून, बशीत देतात. इथे पाहुण्याच्या हातात झाडाखालीच देतात. "खाऊन घ्या. परवापासून हितं पेरू न्हाई, गॅस." ते हसले, पण हात झाडाच्या खोडावर तसाच होता.

"दुःख नाही वाटत?" मी विचारलं.

"वाटतं की. बारा वर्सं झाली. पन पेरूला भाव काय, तुमाला ठावं हाय. आनि तुमी हिशेब बघितलाय म्हनल्यावर मी निर्धास्त. पयला चेक उद्या द्यायचा, नारळ फुटला की."

तोंडात पेरू होता. तो गिळेपर्यंत ते पुढच्या ओळीत गेले. म्हटलं, जेवण झाल्यावर.

जेवायला मंदाने पुरण घातलं होतं. भाऊसाहेबांनी शेजारच्या दोघांना मुद्दाम बोलावलं होतं. माझी ओळख करून दिली, "हे आमचे साडू. डेअरीचा पैसा न् पैसा ह्यांच्या हाताखालून जातो. ह्यांनी बेरीज केली." शेजारी माझ्याकडे आदराने बघत होते. मी पोळी मोडत होतो. त्या लोकांसमोर साडूला खाली पाहायला लावणं बरं दिसलं नसतं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं असं की मला स्वतःलाच खाली पाहावं लागलं असतं.

नारळ साडेनऊला होता. म्हटलं, सकाळी उठल्या उठल्या.

गुरुवार

सातला दात घासत होतो. बागेकडून घरघर ऐकू आली आणि मग मोडण्याचा आवाज आला. ओल्या लाकडाचा आवाज वेगळा असतो, तो तुटत नाही, फाटतो.

मी खांद्यावरचा टॉवेल हातात घेऊन धावलो. रस्त्याकडच्या ओळीत जेसीबी शिरला होता. ड्रायव्हरला अकराला कोपरगावला दुसरं काम होतं, म्हणून तो लवकर येऊन एक ओळ उरकून घेत होता. भाऊसाहेब बांधावर उभे होते. मी यंत्रासमोर जाऊन टॉवेल हलवायला लागलो. तोंडातून पेस्टचा फेस गळत होता.

"काय झालं पाव्हणं? साप निघाला का?"

"थांबवा! हिशेब चुकलाय!"

"कुनाचा?"

"माझा."

ड्रायव्हरने यंत्र बंद केलं. एकाएकी इतकं शांत झालं की पाखरांचा आवाज ऐकू आला. मी मातीत उकिडवा बसलो आणि काडीने लिहिलं. पंचावन्न. आठ. चारशे चाळीस. शेजारी चाळीस. त्याखाली विक्रीचा त्यांनी धरलेला भाव, अडीचशे. "विजेतच किलोमागे एकशे नव्वदचा तोटा. दिवसाला वीस किलो धरलेत तुम्ही. दिवसाचे तीन हजार आठशे. वर्षाला चौदा लाखांच्या आसपास. बाकी खर्च वेगळा."

"पन आमच्या मोटारीला बिल एचपीवर येतं. कितीबी चालवा."

"ती शेतीची वीज. तीही आठ तास. हा धंदा आहे, भाऊसाहेब."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. खिशातून मोबाईल काढला, वायरमनला फोन लावला आणि आवाज मोठा केला. "अन्ना, पेरूच्या रानात गॅसचं यंत्र टाकतोय. त्याला एचपीचंच बिल बसंल ना?"

पलीकडून हसण्याचा आवाज आला. "भाऊसाहेब, विकायच्या मालाला शेतीची वीज लावली तर मीटर न्हाई, तुमालाच उचलून नेतील. युनिटवर पडंल ते. सकाळी सकाळी काय चेष्टा लावली?"

फोन बंद झाला. भाऊसाहेबांच्या मानेची शीर उडत होती. मला वाटलं, आता हे मला मारतील. बरं झालं असतं.

"तुमाला कवा कळलं हे?"

"रविवारी."

"काल चारला आलात तुमी. चहा घेतलात. पेरू खाल्लात. पुरनाच्या चार पोळ्या खाल्ल्या. तवा तोंडात काय बोळा हुता का?"

"भीती वाटली."

"माजी?"

"नाही. मी चुकलो हे म्हणायची."

ते पडलेल्या झाडांकडे वळले आणि एकेका खोडाला पायाने स्पर्श करत ओळीच्या टोकापर्यंत गेले. मीही मोजत होतो. चौदा. काल चारला बोललो असतो तर शून्य. बाकीच्या सगळ्या आकड्यांना दर आहे, याला माझ्याकडे नव्हता.

मंदा घरातून पाटी घेऊन आली. तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण तिने बांधावरून सगळं ऐकलं होतं. ती आडव्या झाडांवरचे पेरू तोडायला लागली. बराच वेळ झाल्यावर मला म्हणाली, "दाजी, उभं ऱ्हाऊन काय करताय? ती दुसरी पाटी घ्या." मी घेतली. नऊच्या सुमारास कंपनीच्या माणसाचा फोन आला. भाऊसाहेबांनी सांगितलं, "आधी विजेचा दर लिहून द्या, मग नारळ." तो माणूस आला नाही. चेक खिशातच राहिला. नारळ देवघरात गेला.

दुपारच्या बसला मला सोडायला भाऊसाहेब आले नाहीत. मंदाने दोन पिशव्या पेरू दिले. बसमध्ये सगळ्यांना वास येत होता. शेजारच्या आजोबांनी विचारलं, "राहात्याचे का? काय भावानं घेतले?" मी त्यांना दोन देऊन टाकले आणि खिडकीकडे तोंड केलं.

घरी सुनंदाने पेरू चिरून मीठ लावून बशीत ठेवले. महिनाभर राहात्याहून फोन नव्हता. फोन वाजला की मी आधी नाव बघायचो, आणि नाही वाजला तरी बघायचो.

गेल्या आठवड्यात फोटो आला. रस्त्याकडची ओळ, ताजी माती, आणि ओळीने नवी रोपं. मी सवयीने मोजली. तेरा. चौदाव्या जागी नुसता खड्डा. खाली भाऊसाहेबांनी लिहिलं होतं, "एक तुमचा. येऊन लावा."

जायची अजूनही भीती वाटते. पण या वेळी वाटेत कुठे उतरायचं नाही. फाट्यावरून थेट बागेत, आणि चहाच्या आधी तो खड्डा भरायचा.